हप्त्यात न बसणारे तास

परवा शेजारचा मुलगा बदलापूरच्या फ्लॅटचे कागद घेऊन आला. "काका, हप्ता बसतो." बसत होताच. 25 लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षे; महिना सुमारे 21,700. एकूण फेड 52 लाखांवर जाते, हा गुणाकार त्याने केला नव्हता. शिवाय एवढ्या कर्जाला बँक किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देते खरी, पण मुद्रांक शुल्क, नोंदणी त्या किमतीत सहसा धरत नाहीत. ते पदरचे, म्हणजे बहुधा आईच्या पाटल्या.

महारेरा क्रमांक, चटई क्षेत्र त्याने तपासले होते. 2017 पूर्वी बिल्डर 'सुपर बिल्टअप' म्हणे आणि आम्ही माना डोलावत असू.

ऑफिस? फोर्टात. सीएसएमटीपासून बदलापूर 68 किलोमीटर. बँकेत मी शेकडो अर्ज मंजूर केले. पगार पाहिला, लोकलमधले तास कधी विचारले नाहीत. माझे पहिले घर डोंबिवलीचे. मुलगी चालायला लागली, हे मला रविवारी कळले.

घर घेऊ नको, असे कोणत्या तोंडाने सांगू? एवढेच म्हणालो, "टोकन देण्याआधी आठवडाभर सकाळच्या गर्दीत तिथून ऑफिसला जाऊन बघ. बायकोलाही ने."