उत्तर माहीत नसलेला प्रश्न

परवा रात्री मावसभावाचा फोन आला. ईएनटीसीला आहे, तिसऱ्या वर्षाला.

"दादा, साडेचार हजारांत ऑनलाइन इंटर्नशिप मिळतेय. सहा आठवडे, मशीन लर्निंग, सर्टिफिकेट नक्की. घेऊ का?"

"करायचं काय असतं?"

"व्हिडिओ बघायचे, शेवटी एक प्रोजेक्ट सबमिट करायचा. तो पण तेच देतात."

तो पण तेच देतात! काल दिवसभर ऑफिसात हे वाक्य डोक्यात घोळत होतं. आज शनिवार, चहाचा दुसरा कप समोर आहे, तेव्हा लिहूनच टाकतो.

त्याला हसण्याचा अधिकार मला नाही म्हणा. आमच्या कॉलेजमागच्या गल्लीत शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ब्लॅक बुकसकट विकत मिळायचे. आणि त्याआधीची तीन वर्षं आम्ही काय केलं? जर्नल छापली. प्रॅक्टिकलचं उत्तर मॅन्युअलमध्ये आधीच असायचं, त्यामुळे उत्तरावरून रीडिंग्ज मागे काढायची. मीटर बिघडलाय की काय याची फिकीर कोणाला! चार वर्षांत ज्याचं उत्तर कोणालाच माहीत नाही असा एकही प्रश्न अभ्यासक्रमाने आमच्यासमोर ठेवला नाही.

माझ्या नशिबाने 2018 च्या उन्हाळ्यात मी दोन महिने नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटीवर काढले. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्यातल्या 14 मधल्या चौकात आणि बाकीच्या तीन दिशांना पार 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली ही दुर्बीण आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकते. पण त्यात आपल्या जगाचा कचराही मिसळतो. मोबाइल टॉवर, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या वगैरे. माझं काम होतं तो कचरा ओळखून बाजूला काढायचा छोटासा प्रोग्रॅम लिहिणं.

सोपं वाटलं. सरासरी काढली, स्टँडर्ड डेव्हिएशन काढलं, त्याच्या तिप्पट पलीकडे जाईल ते कचरा. शांत दिवसाच्या डेटावर झकास चाललं. कचरा जास्त असलेल्या डेटावर मात्र प्रोग्रॅमला जवळपास काहीच सापडेना. मी नऊ दिवस कोडमधला बग शोधत बसलो. सर रोज संध्याकाळी टेबलाशी यायचे, आलेख बघायचे, निघून जायचे. दहाव्या दिवशी एवढंच म्हणाले, "कचरा सगळ्यात जास्त असतो तेव्हाच तुझी चाळणी सगळ्यात ढिली का होते?"

बग कोडमध्ये नव्हताच. ज्या डेटात कचरा होता, त्याच डेटावरून मी मर्यादा ठरवत होतो. कचरा वाढला की डेव्हिएशन फुगायचं, मर्यादा वर जायची, आणि कचरा सुखाने खालून निसटायचा! सरासरीऐवजी मध्यक घेतला, डेव्हिएशनही मध्यकावरूनच मोजलं, आणि गाडी रुळावर आली.

मग दिसलं की हे झटके दर 10 मिलिसेकंदांनी घोळक्याने येतात. पुन्हा दोन दिवस डोकं खाजवलं. आपली वीज 50 हर्ट्झची, दर आवर्तनात व्होल्टेज दोनदा शिखरावर जातं, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. कुठेतरी एखाद्या डीपीजवळ सैल जोडणीत ठिणगी पडत होती, आणि ती मला स्क्रीनवर दिसत होती. त्या रात्री झोप लागली नाही.

यातलं काहीच नवं नव्हतं बरं का. सरांना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक असणार. माझ्यामुळे विज्ञान इंचभरही पुढे सरकलं नाही. पण मी सरकलो.

मित्र म्हणायचे, "त्या दोन महिन्यांत कोडिंगची गणितं सोडवली असतीस तर पॅकेज वाढलं असतं." खरं असेल. प्लेसमेंटला मलाही इतरांना मिळालं तेच मिळालं, आणि संशोधनाकडे मी नंतर वळलोही नाही. पण गेल्या वर्षी आमची एक सर्व्हिस तासभर कण्हत होती आणि अलर्ट मात्र वाजला नाही. सगळे लॉग उपसत बसले होते. मी विचारलं, "मर्यादा कशावरून काढतो आपण?" उत्तर आलं, "गेल्या तासाभराच्या सरासरीवरून." मला खोडदचं टेबल आठवलं...

तर सांगायचा मुद्दा असा, की उन्हाळी संशोधन फक्त पुढे पीएचडी करणाऱ्यांसाठी असतं हा समज काढून टाका. नऊ दिवस अडकून राहायची आणि दोष नेमका कुठे आहे हे शोधायची सवय प्रत्येक इंजिनिअरला लागते. एमआयटीने 1969 मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात घ्यायला सुरुवात केली. कॅलटेकने 1979 मध्ये 10 आठवड्यांचा उन्हाळी कार्यक्रम काढला, त्यात विद्यार्थी मार्गदर्शकाबरोबर बसून प्रस्ताव स्वतः लिहितो. आपल्याकडेही विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची फेलोशिप, आयआयटी कानपूरचा सर्ज, आयआयटी मुंबईची फॉसीची फेलोशिप अशा वाटा निघाल्या.

पण जागा मोजक्या, आणि बऱ्याच ठिकाणी चाळणी मार्कांची. पॉइंटर सातच्या खाली असलेल्या मुलाने काय करायचं? एआयसीटीईने 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात इंटर्नशिप आणली, हेतू चांगलाच होता. पण गावोगावच्या कॉलेजांतल्या मुलांना दर उन्हाळ्यात खरं काम देणार कोण? ती पोकळी साडेचार हजारवाल्यांनी भरली.

माझं म्हणणं, हे कॉलेजनेच करावं. एक सर किंवा मॅडम, सहा मुलं, चार आठवडे. महागडी लॅब नको. स्वस्तातले धूळ मोजणारे सेन्सर हवेत दमटपणा वाढला की जास्त आकडा दाखवतात. मग आपल्या गावात, जूनच्या पहिल्या पावसात, नेमका किती जास्त? घ्या, झाला प्रश्न! अट एकच, उत्तर सरांनाही आधी माहीत नसावं. आणि शेवटच्या दिवशी काय जमलं नाही हेही सगळ्यांसमोर सांगायचं.

अडचणी मला दिसतात. परीक्षा आणि ओरल जूनपर्यंत लांबतात, शिक्षक पेपर तपासण्यात आणि अॅडमिशनच्या कामात बुडालेले असतात. सुट्टीत फुकट राबा असं त्यांना सांगायला मी कोण? त्या चार आठवड्यांचं मानधन त्यांना मिळायलाच हवं. एवढा खर्च कॉलेजला जड नसावा, गॅदरिंगचा मांडव तर दरवर्षी पडतोच ना.

भावाला हे सगळं सांगितलं. म्हटलं, सोमवारी तुमच्या सेन्सरवाल्या मॅडमना जाऊन भेट, दोन सेन्सरचे पैसे मी देतो. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पण दादा, सर्टिफिकेट?"

त्याची फी भरायची शेवटची तारीखही सोमवारच आहे. बघू, आधी कुठे जातो ते.