चौकडीची कादंबरी

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’विषयी डोंबिवलीत दोन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं असं : ‘छान आहे, हलकीफुलकी आहे, एका दमात वाचून होते.’ दुसरं जरा नाक मुरडून दिलेलं : ‘नववीतल्या पोराची लफडी, त्यात साहित्य ते काय?’ मला दोन्ही मान्य नाहीत. पहिल्यात कौतुक आहे, पण त्या कौतुकातच कादंबरीची बोळवण केलेली आहे. दुसऱ्या मताच्या माणसानं पुस्तक पुरतं वाचलेलं नसावं. ‘शाळा’ ही मैत्रीची कादंबरी आहे, आणि तिचा हलकेपणा हेच तिचं बळ आहे.

आधी प्रेमकथेचं घेऊ. २००४ साली ‘मौज’नं पुस्तक काढलं. २०१२ मध्ये सुजय डहाके यांचा चित्रपट आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ‘शाळा’ म्हणजे नववीतला मुकुंद जोशी आणि त्याच्या वर्गातली शिरोडकर हे समीकरण पक्कं झालं. चित्रपटाला दोष देत नाही. दोन तासांत एकच धागा पुढे आणता येतो. पण पुस्तक हातात घेऊन पाहा. जोशी, सुऱ्या, चित्र्या आणि फावड्या ही चौकडी बाजूला काढली तर मागे काय उरतं? वर्गातल्या एका मुलीकडे लांबून बघणारा एकटा मुलगा. त्याचं प्रेम सगळं घडतं ते त्या अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये, जिला अजून दारं-खिडक्या नाहीत आणि म्हणून जिथे मोठ्या माणसांचं काही काम नाही. शिरोडकरनं आज पाहिलं का, पाहिलं तर कसं पाहिलं, याचा खल तिथे होतो. जोशी काही गोष्टी मित्रांपासून लपवतो, आणि त्या लपवण्याचीही त्याला टोचणी लागते. मनातली गोष्ट कुणाला सांगायची आणि कुणापासून राखायची हे माणूस ज्या वयात शिकतो, ते वय या कादंबरीनं पकडलं आहे. शिरोडकर निमित्तमात्र आहे असं मी म्हणत नाही. ती ठसठशीत, हुशार मुलगी आहे. पण ती गेल्यावर जोशीला जे एकटेपण येतं, ते चौकडीही पांगलेली असते म्हणून इतकं दाट होतं.

आता ‘हलकीफुलकी म्हणजे उथळ’ हा आक्षेप. कादंबरीचा काळ आणीबाणीचा आहे. नववीतल्या मुलाला आणीबाणी कशी कळणार? घरात मोठी माणसं आवाज उतरवून बोलतात, एखादे सर भलतेच जपून बोलतात, जोशीच्या नरूमामासारखा एखादाच मोकळेपणानं काही सांगतो, तेवढीच. बोकील जोशीच्या तोंडी एकही भाषण घालत नाहीत. तो मास्तरांच्या नकला करतो, टोपणनावं ठेवतो, आणि त्या टवाळीतूनच आपल्याला दिसतं की ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांच्यापासून आपला कोपरा वाचवायला ही पोरं शिकताहेत. शाळेची शिस्त आणि देशाची शिस्त शेजारी ठेवायला लेखकाला वेगळं प्रवचन करावं लागलेलं नाही.

असं जगात पूर्वीही झालं आहे. एरिख केस्टनर या जर्मन लेखकाची ‘द फ्लाइंग क्लासरूम’ १९३३ सालची. वसतिगृहातली पाच मुलं, नाताळचं नाटक, खोड्या. भित्रा म्हणून चिडवतात म्हणून त्यांतला उली छत्री उघडून उंचावरून उडी मारतो आणि पाय मोडून घेतो. वाचताना हसू येतं आणि मग घशाशी काहीतरी अडकतं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बर्लिनच्या चौकात नाझींनी केस्टनरची पुस्तकं जाळली, आणि तो स्वतः गर्दीत उभा राहून ते पाहत होता. ज्या काळात सगळ्यांना एका रांगेत उभं करायचं चाललेलं असतं, त्या काळात चार पोरांनी एकमेकांवर जीव टाकणं ही क्षुल्लक गोष्ट नसते.

पोरं बिघडतील, हा पालकांचा आक्षेप मी गंभीरपणे घेते. कादंबरीतली भाषा शाळेच्या मागच्या बाकावरचीच आहे. पण सुऱ्या केवडा नावाच्या मुलीच्या मागे लागतो तेव्हा काय होतं ते वाचा. प्रकरण त्याच्या अंगाशी येतं, त्यातली नामुष्की लेखक झाकत नाही आणि सुऱ्याला नायकही करत नाही. मित्र मात्र त्याला वाऱ्यावर सोडत नाहीत. चुकलेल्या मित्राजवळ कसं उभं राहायचं, हे मूल्यशिक्षणाच्या तासाला मी कधी ऐकलं नाही. माझी खरी तक्रार वेगळी आहे. जोशीच्या नजरेतून मुलींचं जग बाहेरूनच दिसतं. शिरोडकर आणि तिच्या मैत्रिणी त्या मुलांविषयी आपसात काय बोलत असतील? ती कादंबरी मला वाचायची आहे, आणि ती ‘शाळे’च्याच तोलाची हवी.

आमच्या पट्ट्यात या पुस्तकाचं मोल आणखी आहे. कल्याण-डोंबिवली भरभर वाढली ती बाहेरून आलेल्या कुटुंबांनी. कुणी कोकणातून, कुणी देशावरून, कुणी गिरगाव-दादरच्या चाळी सोडून आलं. शेजार नवा, नातलग लांब, वडील पहाटेच्या लोकलनं जाऊन रात्री परतणारे. अशा घरातल्या मुलाला गावातलं पहिलं नातं जोडून दिलं ते वर्गमित्रांनी. आजही दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर जा. नवे कपडे घातलेली तरुण मुलंमुली गणेश मंदिरापर्यंत दाटीवाटीनं उभी असतात, आणि शाळा सुटून चार-पाच वर्षं झालेले घोळके एकमेकांना शोधत असतात. ही गर्दी कुणी आमंत्रण देऊन जमवलेली नसते.

आणि या मुलांना आपण वाचायला काय देतो? कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, डोंबिवलीत २०१७ मध्ये साहित्य संमेलन भरलं. वारसा दांडगा आहे. तरी मुलगा ‘गोट्या’ आणि ‘फास्टर फेणे’ संपवून उठला की आपण त्याच्या हातात थेट ‘मृत्युंजय’ ठेवतो. मधली चार-पाच वर्षं, ज्यात त्याला स्वतःसारखं कुणी पुस्तकात भेटायला हवं असतं, ती मोकळी जातात. मग तो मराठी वाचत नाही म्हणून आपणच गळा काढतो.

हातात मोबाइल असलेल्या मुलाला १९७५ सालची पोरं कळणार नाहीत, असंही म्हणतात. तेव्हा चिठ्ठी होती, आता मेसेज आहे. उत्तराची वाट पाहताना होणारी घालमेल तीच आहे, आणि ती आधी मित्रालाच सांगितली जाते. शेवट उदास आहे, मुलांना तो नको, हे तर मुळीच पटत नाही. दहावीच्या उंबरठ्यावर तुकड्या बदलतात, क्लास बदलतात, कुणी नापास होतं, कुणाचे वडील बदलून जातात, हे मुलं रोज पाहतात. त्यावर कुणी त्यांच्याशी बोलत नाही. ‘शाळा’ बोलते. म्हणून वाचनालयांनी ती प्रौढांच्या कपाटातून काढून नववीतल्या मुलांच्या हाताशी ठेवावी, आणि परीक्षा संपेपर्यंत थांब असं कुणी त्यांना सांगू नये.