बोक्याची अडलेली लघवी आणि आपली गोळी

काही दिवसांपूर्वी रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या एका ज्येष्ठ रुग्णांचा दूरध्वनी आला. “डॉक्टर, आमचा बोका सकाळपासून सारखा लघवीला बसतो, कळवळतो, पण थेंबही होत नाही. माझी प्रोस्टेटची गोळी अर्धी करून त्याला देऊ का?”

प्रश्न भाबडा होता, तरी त्यामागील तर्क अगदीच निराधार नव्हता. प्रोस्टेटसाठी दिले जाणारे टॅम्सुलोसिन आणि मूळचे रक्तदाबाचे प्राझोसिन ही एकाच कुळातील औषधे. मूत्रमार्गाचे आपोआप आवळणारे स्नायू ती सैल करतात. पशुवैद्यही बोक्यांना प्राझोसिन देतात. परंतु केव्हा, हे महत्त्वाचे.

बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे फार अरुंद असतो. तेथे बारीक खडे किंवा चिकट स्रावाचा बोळा अडकला, तर गोळीने तो निघत नाही. भूल देऊन, नळी घालूनच मार्ग मोकळा करावा लागतो. गोळी येते ती त्यानंतर, आवळलेला मार्ग सैल राहावा म्हणून. तीही पशुवैद्याने वजन पाहून ठरवलेल्या मात्रेत. कारण तिने रक्तदाब उतरतो. पुन्हा अडथळा येणारच नाही, अशी हमी ती देत नाही.

लघवी तुंबली की रक्तातील पोटॅशियम वाढते, हृदयाची लय बिघडते आणि एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. वारंवार कुंथणे, लिंग चाटत राहणे, उलटी, मलूलपणा ही लक्षणे बद्धकोष्ठाची समजून घरगुती उपाय करीत बसू नये. पोट दाबू नये. त्याच रात्री पशुवैद्य गाठावा.

त्या गृहस्थांनी तसेच केले. तिसऱ्या दिवशी बोका घरी आला, सोबत प्राझोसिनच्या गोळ्याही. त्या ते स्वतःच्या औषधांच्या डब्यातच ठेवणार होते! मी त्यांना थांबविले. उतारवयात ही गोळी चुकून घेतली गेली, तर उठून उभे राहताच भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो. प्राण्यांची औषधे निराळ्या डब्यात, नाव लिहूनच ठेवावीत. आणि आपली औषधे त्यांना कदापि देऊ नयेत. आपल्याला निरुपद्रवी वाटणारी पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.