आधी सोंगट्या, मग सूत्र

'विज्ञान खेळातून शिकवा' असं हल्ली प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येतं. आणि मग होतं काय? सापशिडीचा कागद येतो, सोबत प्रश्नांची कार्डं येतात. उत्तर बरोबर आलं की शिडी, चुकलं की साप. माझ्या मते हा खेळ नव्हे. ही तोंडी परीक्षाच, फासे टाकून घेतलेली.

सापशिडीचा पूर्वज मोक्षपट आठवा. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. त्यात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप. शिकवण पटाच्या नियमातच होती. विज्ञानाचा खेळही असाच हवा.

त्यासाठी बेळगाव-निपाणीकडे दुकानात जायला नको. वाघबकरी घ्या, कानडी शेजारी त्यालाच आडू-हुली म्हणतात. फरशीवर खडूनं पट आखायचा, खडे मांडायचे. दोनच नियम वाढवा: पाच डाव उपाशी राहिलेला वाघ मरतो आणि दर पाच डावांनी चार बकऱ्यांमागे एक बकरी वाढते. आकडे वहीत लिहीत जा. वाघांनी हावरटपणा केला की पुढं तेच उपाशी मरतात, हे पोरांना वेगळं सांगावं लागत नाही.

किंवा चिंचोका फोडून दोन अर्धुकं घ्या. तपकिरी बाजू म्हणजे वाटाण्याच्या उंचीचं जनुक, पांढरी म्हणजे बुटकेपणाचं. एक तरी तपकिरी पडली की झाड उंच. 100 वेळा टाका, मेंडेलच्या 3:1 च्या आसपास याल. तंतोतंत का येत नाही? निव्वळ योगायोग, की अर्धुकांचा आकार? हा प्रश्न पडला की विज्ञान सुरू झालं.

'मग पोर्शन कधी संपवायचा?' असं शिक्षक विचारतील. रास्त आहे. महिन्यात एक तास पुरे. पण खेळानंतर दहा मिनिटं चर्चा हवीच, नाहीतर नुसता दंगा.

सीमाभागात तर हा तास लाखमोलाचा. मराठी शाळेतलं पोर दहावीपर्यंत 'आनुवंशिकता' पाठ करतं, बाहेर कानडी ऐकतं आणि पीयूसीला सायन्स घेतलं की पुस्तक इंग्रजी. शब्द बदलले की पाठांतर गळून पडतं. हातानं खेळलेली कल्पना मात्र भाषा बदलली तरी सोबत राहते. तिला फक्त नवं नाव शिकायचं असतं.

मंडळातल्या मित्रमैत्रिणींनो, या खेळांचे नियम सोप्या मराठीत लिहिणं हे आपलंच काम आहे. कथा-कविता लिहितोच की; यंदा एक पटही लिहूया.