शकुन, गर्ग आणि गुरुबाणी

गर्गमुनी मराठी वाचकाला बहुधा कृष्णाच्या नामकरणामुळे परिचित असतात. भागवताच्या दशम स्कंधात यादवांचे हे पुरोहित गोकुळात येतात आणि कंसाला सुगावा लागू नये म्हणून गुपचूप बाळाचे नाव ठेवतात. ज्योतिषाच्या परंपरेत मात्र गर्ग हे निराळेच प्रस्थ आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिर 'बृहत्संहिते'त वारंवार त्यांचा आधार घेतो. उल्का, भूकंप, पशुपक्ष्यांचे आवाज यांतून राजाचे आणि राष्ट्राचे भवितव्य वाचणारी ही विद्या होय.

दुसऱ्या टोकाला शीख परंपरा आहे. ती शकुन-अपशकुन मानत नाही. 1945 साली मान्यता मिळालेल्या 'सिख रहित मर्यादे'तही शकुन, मुहूर्त, ग्रह यांवर विश्वास ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. वर्गात हे दोन्ही समोर ठेवले की ठरलेले उत्तर येते: ऋषी अंधश्रद्ध, गुरू विज्ञाननिष्ठ. हे उत्तर सोयीचे असले तरी आम्हांला ते मान्य नाही.

गर्गपरंपरेमागे एक गृहीतक होते. विश्वात असंबद्ध असे काही नाही, आकाशातील घटनेचा धागा भूमीवरील घटनेशी जुळलेला असतो, असे ते गृहीतक. आज ते टिकत नाही. पण त्यापायी निसर्गाचे जे बारकाईने निरीक्षण झाले ते थट्टेचा विषय नव्हे. या विद्येचा खरा दोष निराळा आहे. दृश्यांची शुभ आणि अशुभ अशी वाटणी एकदा सुरू झाली की माणसेही त्या यादीत जाऊन बसतात. विधवा समोर आली म्हणून मागे फिरणारा समाज आपण पाहिलेला आहे.

आता गुरुबाणीकडे वळू. राग आसामध्ये गुरू अर्जनदेव जे सांगतात त्याचा आशय असा की, ज्याच्या चित्तात ईश्वर नाही त्यालाच शकुन-अपशकुन बाधतात. येथे शकुन पडताळून खोटा ठरवलेला नाही. त्याची सत्ता नाकारली आहे. 'जपुजी'त गुरू नानक विचारतात, सृष्टी निर्माण झाली ती वेळ, ती तिथी, तो ऋतू कोणता? ते ना पंडिताला ठाऊक, ना काजीला. मूळ क्षणच ज्याला अज्ञात, त्याने प्रवासाचा मुहूर्त कोणत्या अधिकाराने सांगावा? भाई गुरदास तर शिंक, उचकी, गाढव, मांजर, कोल्हा अशी शकुनांची यादीच देतात आणि अनेकांच्या मागे धावणाऱ्याच्या निष्ठेविषयी शंका घेतात. हा नकार प्रयोगशाळेतून आलेला नाही, तो अनन्यतेतून आलेला आहे. त्याला निव्वळ बुद्धिवाद म्हटल्याने गुरूंचा गौरव होत नाही. त्यांच्या म्हणण्याचा गाभा तेवढा हातून निसटतो.

नामदेवांची 61 पदे ज्या ग्रंथात आहेत त्याच्याशी मराठी अभ्यासकाचे नाते दूरचे नाही. म्हणून ज्ञानेश्वरांच्या नावावरील कावळ्याची विराणी येथे आठवते. तिच्यात कावळ्याचा शकुन नाकारलेला नाही, उलट तो विठ्ठलाच्या आगमनाची वार्ता विचारण्याच्या कामी लावला आहे. गुरुबाणी शकुनाला दाराबाहेर ठेवते, विराणी त्याला घरात घेऊन नोकर करते. भय मात्र दोन्हीकडे संपलेले असते.

अर्थात ग्रंथ आणि व्यवहार यांत अंतर पडतेच. गुरू अर्जनदेवांचा 'बारहमाहा' शेवटी सांगतो की, ज्यांच्यावर कृपा आहे त्यांना सर्व महिने, दिवस, क्षण चांगलेच. तोच 'बारहमाहा' गुरुद्वारांत संक्रांतीच्या दिवशी वाचला जातो आणि अनेक भाविक तो दिवस विशेष शुभ मानतात. हा विरोधाभास कोण्या एका धर्माचा नाही. आमच्या मराठी घरांतही अभंग आणि पंचांग एकाच फडताळात असतात.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे इतकेच: कोण पुरोगामी आणि कोण प्रतिगामी हे ठरवण्याआधी, त्या कवीने भयाचे काय केले ते पाहा. गर्गपरंपरेने भयाला शास्त्राची शिस्त लावली, गुरूंनी त्याचा अधिकारच काढून घेतला. आमचा कल दुसऱ्याकडे आहे. पण तो पहिल्याला न वाचता बनलेला नसावा, ही आमची अट आहे.