रोजचा एक फोटो



या अंकाच्या मधल्या पानांवर तुम्हाला एका तालुक्याच्या गावाचे फोटो दिसतील. आपल्या गटातल्या एका तरुण कार्यकर्तीनं ते गेलं वर्षभर रोज एक असे काढले. कॅमेरा नाही, साधा मोबाइल. "गावात विशेष काही घडत नाही, म्हणूनच काढते," असं ती सुरुवातीला म्हणाली होती. मोर्चा निघाला, एखादी सून जळाली की वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येतो. एरवीच्या मंगळवारी कोण येणार?

पहिल्या तीन महिन्यांचे फोटो घेऊन आम्ही सहा-सात जणी एका दुपारी बसलो. फोटो छान होते. एस.टी. स्टँडवरची सकाळची गर्दी, सलूनच्या बाकड्यावर पेपर वाचणारे म्हातारे, चिखलात रुतलेला ट्रॅक्टर, पारावर रंगलेला पत्त्यांचा डाव, बाजारातले मिरच्यांचे ढीग. बघता बघता एकीनं विचारलं, "अगं, यात बायका कुठं आहेत?"

होत्या. नाही असं नाही. भाजीच्या पाट्यांमागे, शाळेच्या फाटकाशी, स्टँडच्या कोपऱ्यात पिशव्या सांभाळत. पण सगळ्या कुठून तरी कुठं तरी निघालेल्या, नाही तर काही तरी विकणाऱ्या. नुसतीच बसलेली, गावाकडं बघत बसलेली बाई एकाही फोटोत नव्हती. आणि फोटो काढणारी तर बाईच होती!

ती बिचारी ओशाळली. खरं तर ओशाळण्यासारखं काही नव्हतं. 'गावाचा फोटो' म्हटलं की पाय आपोआप चौकाकडं वळतात. चौक, पार, स्टँड म्हणजे गाव, आणि मोरी, माळा, मागचं दार म्हणजे घर, ही वाटणी आपल्याही डोळ्यांत बसलेली आहे. आमच्या कार्यालयातले जुने अल्बम काढून बघितले तर तेच. परिषदा, मोर्चे, व्यासपीठावरच्या पाहुण्या. त्या परिषदांमध्ये तीनशे जणींचा स्वयंपाक रांधणाऱ्या बाया कुठल्याच फोटोत नाहीत. मग त्या कार्यकर्तीला कुठल्या तोंडानं बोलणार?

त्यानंतर तिनं वेळ बदलली. पहाटे साडेचारला नळ येतो तेव्हाची गल्ली. दुपारी दोनला उंबऱ्यात बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या सासू-सुना. विड्यांची मजुरी हजारावर मिळते, दिवसावर नाही. म्हणून सून उठून मुलाला जेवू घालते तेव्हा सासूचे हात जोरात चालतात. हे आम्हाला माहीत होतं, विडी कामगारांच्या मागण्यांच्या पत्रकातही आम्ही ते लिहिलेलं आहे. पण एकाच उंबऱ्याचे दहा-बारा दिवसांचे फोटो ओळीनं लावले, तेव्हा सुनेची मान दिवसागणिक कशी तिरपी होत गेली ते दिसलं. एका फोटोनं ते दिसलं नसतं. रोज काढण्यात ही एक गोष्ट आहे.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची तेव्हा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटं जात होती, आणि जे पुरुष असं काम करत होते त्यांची ९७. हा आकडा शिबिरात सांगितला की बाया मान डोलावतात आणि विसरतात. फोटो भिंतीवर लावले तेव्हा मात्र त्या आपणहून बोलायला लागल्या.

हे काही आपल्याच डोक्यातून निघालेलं नाही. चीनच्या युनान प्रांतात १९९२ साली ६२ खेड्यांतल्या नव्हे, खेड्यांत राहणाऱ्या ६२ बायकांच्या हाती कॅमेरे दिले गेले. कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस या दोघी त्या कामामागे होत्या. बायकांनी आपलं रोजचं जगणं टिपलं. त्यात शेतात निंदणारी आई आणि जवळच एकटं पडलेलं तान्हं मूलही होतं. पाळणाघराचा प्रश्न अधिकाऱ्यांपुढं नेताना असे फोटो उपयोगी पडले. आपल्याकडं होमाई व्यारावाला १९३०च्या दशकात मुंबईत फोटो काढू लागल्या, तेव्हा सुरुवातीला ते त्यांच्या नवऱ्याच्या नावानं छापले जात. फोटो बाईनं काढला तरी नाव कुणाचं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पण या वर्षानं आमच्यापुढं त्याहून अवघड प्रश्न ठेवला. वर्षातला सगळ्यात सुंदर फोटो या अंकात नाही.

बाजारच्या दिवशी, दुपारी, एका बंद दुकानाच्या पायरीवर तिघी जणी पाय लांब करून बसल्यात. मध्ये कागदावर भेळ. एकीचा पदर डोक्यावरून पार खाली आलाय आणि ती तोंड उघडं टाकून हसतेय. आम्ही जो फोटो शोधत होतो तोच हा! आमच्या मनात तो मुखपृष्ठावर लागलाही होता. कार्यकर्ती त्या तिघींना भेटून आली. दोघी हो म्हणाल्या. तिसरी म्हणाली, "नको गं ताई. घरी मी दवाखान्यात जाते म्हणून सांगून आले होते."

आमच्यात बराच वाद झाला. एक म्हणाली, चेहरा पुसट करू. दुसरी म्हणाली, हसणंच पुसलं तर मग राहिलं काय? आणि गावात पदरावरून, पायातल्या चपलेवरूनही माणूस ओळखतात. आज फोटो छापला की संध्याकाळपर्यंत तो शंभर मोबाइलवर जातो. बाईच्या खाजगी क्षणांचं चोरून चित्रण करणं हा २०१३पासून गुन्हा आहे; आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७मध्ये येतं. फोटो काढायला हो म्हटलं पण पसरवायला नाही, तर तो पसरवणंही त्यात गुन्हा धरलंय. भर बाजारातल्या हसण्याला मात्र हे कलम लागत नाही. तिथं तिचं 'नको' एवढंच असतं, आणि ते आपण नाही पाळलं तर कोण पाळणार? फोटो तिला दिला. तिनं तो बघितला, खूप वेळ बघितला, आणि कार्यकर्तीलाच परत दिला, "तुझ्यापाशी ठेव," म्हणून.

पुढच्या अंकासाठी तुमच्या गावाचे, वस्तीचे फोटो पाठवा. फोटोतल्या प्रत्येकीला तो आधी दाखवा, आणि कुठं छापणार ते सांगा. तिनं हो म्हणून नंतर विचार बदलला तरी अंक छपाईला जाईपर्यंत आम्हाला कळवा, आम्ही तो काढून टाकू. काढणारीचं नाव, तिची हरकत नसेल तर, फोटोखाली छापू. आणि पहाटेच्या नळाचे फोटो आता पुष्कळ जमलेत; बसलेल्या बायकांचे पाठवा.