'तोंड आलंय' एवढ्यावर भागत नाही

'तोंड आलंय' हे वाक्य आपल्याकडे कुणी फारसे मनावर घेत नाही. उष्णता वाढली असेल, थोडा गुलकंद खा, दोन दिवसांत जाईल, असे म्हणून वडीलधारी माणसे विषय संपवतात. पोलादपूरच्या पलीकडे डोंगरातल्या वाडीत राहणारी माझी मावसबहीण फोनवर हेच म्हणाली, तेव्हा मीही तिला गुलकंदच सुचवला. स्तनाच्या कर्करोगासाठी मुंबईला केमोथेरपी घेऊन तिला आठ दिवस झाले होते, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

दोन दिवसांत पाण्याचा घोटही उतरेना. जवळच्या दवाखान्यातल्या सिस्टरने मायेने जिभेला बोरोग्लिसरीन लावले. त्याच रात्री ताप भरला आणि गाडी करून मुंबई गाठावी लागली. पुढचा डोस लांबला. सिस्टरला दोष देण्याचे माझ्या मनात नाही. तिला जे शिकवले गेले, तेच तिने केले.

प्रश्न शिकवण्याचाच आहे. केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कर्करोगाच्या पेशी अशा असतात, तसे तोंडाचे नाजूक अस्तरही असते. डोसानंतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास तोंड सोलवटते. नेमक्या त्याच काळात रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. म्हणजे दार उघडे आणि राखणदार गैरहजर! तोंडातल्या जखमेतून जंतू रक्तात शिरले, तर जिवावर बेतू शकते.

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात प्रारणोपचार सहा-सात आठवडे चालतात. तोंड साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून येते आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे छळते. खाणे तुटते, वजन उतरते, उपचारात खंड पडतो. आणि असा खंड पडला की रोग आटोक्यात येण्याची शक्यताच घटते. हा प्रश्न आपल्या दारातला आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते आणि त्यांतले बहुतेक चघळणारे किंवा मशेरी लावणारे. गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. सवय मात्र गेली नाही.

आता भूगोल पाहा. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. त्याच संस्थेचे खारघरचे केंद्र तर रायगड जिल्ह्यातच आहे. पण मुंबईहून महाड सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आणि पोलादपूर त्याच्याही पुढे. डोस मुंबईत मिळतो. तोंड येते ते गावी परतल्यावर. म्हणून मुखनिगेचे शिक्षण मोठ्या रुग्णालयातल्या परिचारिकेला जितके हवे, तितकेच, किंबहुना अधिक, ग्रामीण रुग्णालयातल्या आणि उपकेंद्रातल्या परिचारिकेला हवे.

आणि शिकायचे ते काही अवघड नाही. रोज बॅटरीच्या उजेडात ओठ, गाल, जीभ आणि जिभेखालची जागा पाहायची. नुसती लाली आहे, व्रण असूनही घास जातो, फक्त पातळ जाते की काहीच जात नाही, एवढ्यावरून पायरी ठरवून नोंदवायची. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून दर दोन-चार तासांनी चुळा भरायला लावायच्या. ब्रश अगदी मऊ हवा, कवळी रात्री काढून ठेवायची. मद्यार्क असलेली औषधी चूळ नको. ग्लिसरीनही नको, त्याने तोंड आणखी कोरडे पडते. कोकमाचे सार आणि तिखट कालवण काही दिवस बाजूला. तांदळाची पेज किंवा नाचणीचे सत्त्व निववून द्यायचे. पांढरे चट्टे दिसले तर बुरशीची शंका घेऊन डॉक्टरांना दाखवायचे. आणि ताप १००.४ अंश फॅरनहाइटला पोचला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णाला पुढे पाठवायचे.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात मुखशुद्धी आहेच. पण ती अंथरुणाला खिळलेल्या कोणत्याही रुग्णासाठी. कर्करोगाच्या रुग्णाचे तोंड वेगळे, हे तिला कुणीतरी सांगायला हवे. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे करण्याचे काम सुरू झाले. तिशी ओलांडलेल्यांचे तोंड कर्करोगासाठी तपासणे हा तिथल्या कामाचा भाग आहे. म्हणजे रोग शोधण्यासाठी बॅटरी हाती आलीच आहे. तीच बॅटरी उपचार घेऊन परतलेल्या माणसाच्या तोंडात का पडू नये? यासाठी इमारत नको, यंत्र नको. दोन दिवसांचे प्रशिक्षण, दरवर्षी उजळणी आणि मुंबईहून निघताना रुग्णाच्या हाती मराठीतली एक चिठ्ठी: डोस कधी झाला, कोणत्या दिवसांत जपायचे, रात्री फोन कुणाला करायचा.

मावसबहीण त्यातून उठली, पुढचे डोसही पुरे झाले. परवा गेलो तेव्हा तिने स्वतःच्या हातची भाकरी वाढली आणि समोर बसून जेवली. मी मात्र एक शिकलो. औषध घेऊन आलेले माणूस 'तोंड आलंय' म्हणाले, की गुलकंदाचे नाव काढायचे नाही. आधी विचारायचे, डोस होऊन किती दिवस झाले?